शेपटीला अक्षर नाही

यावलला, जिनिंगच्या बंद गोदामामागे
रविवारी सकाळी सात ते दहा माझा क्लास.
एकोणीस पोरं, तीन बाकं, उरलेली गोणपाटावर.
फळ्यावर चौकोन काढतो, आत काळा ठिपका,
शेजारी लिहितो : क प.
मग गोल, आत तोच ठिपका : ट प.
पुन्हा चौकोन, पण आत फुली : क स.
आता सांगा, गोलात फुली असली तर?

फेगड्यांचा हर्षद पेनाचं टोपण चावतो.
दोन्हींत प आहे ना, मी म्हणतो,
मग दोन्हींत सारखं काय ते हुडका.
सारखं सापडलं की अक्षर सापडलं.
अकरा वर्षं हेच म्हणतोय.
झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते.

मेहरून तडवी मोहराळ्याहून काळी-पिवळीत येते,
कुणाच्या तरी मांडीवर बसून. हात वर करत नाही.
"ट स," म्हणते, आणि श्वास न घेता,
"पण सर, गोलाला खाली शेपटी हाये.
तिचं अक्षर कोनतं?"

शेपटीला अक्षर नाही.
ती फसवायला असते. पेपरवाले मुद्दाम टाकतात.
ज्याला अक्षर नाही तिकडे बघायचं नाही,
एका प्रश्नाला दीड मिनिट, त्यातलं निम्मं शेपटीतच जाईल.

"बघायचं नाही तर काढली कशाला?"

पोरं हसली. मी डस्टर आपटलं,
खडूची धूळ माझ्याच चष्म्यावर बसली.

तिचा बाप दुसऱ्याच्या केळीत कामाला.
निसवलेल्या घडाला फीत बांधतात,
आठवडा बदलला की रंग बदलतो.
निळी पोळ्याची, पिवळी त्याच्या पुढची,
कापणीला हिशोब सोपा जातो.
हे तिनं मला डबा खाताना शिकवलं,
कळण्याची भाकर, वर लाल मिरचीचा ठेचा.
आणि गाठ उलटी असली, म्हणाली,
तर झाड वाकलंय, टेकू लावायचा राह्यला.
ते बाबाचं आहे. मालकाला गाठ दिसत नाही,
तो रंगच मोजतो.

फॉर्म भरायला आम्ही केंद्रावर गेलो,
दोन्ही पोरं खुर्चीमागे उभी.
ग्रामीण. मराठी माध्यम. मुलगी. अनुसूचित जमात.
एकेक पोकळ गोल काळा होत गेला.
आधी हर्षदचा भरला होता, तिला पाठ होता.
"सर, ग्रामीण दोघांत आहे.
मग आमच्यात सारखं काय?"

हर्षदनं विचार केला. प्रामाणिकपणे केला.
"आठ वाजता लाइट जाते," म्हणाला.
"आमची सहालाच जाते."
मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली.
केंद्रवाला म्हणाला, फोटो अपलोड करा,
पन्नास केबीच्या आत बसवा, कान दिसले पाहिजेत.
मी फोटो लहान करत बसलो.
तेवढं मला येतं.

आज शनिवार. उद्याची सरावपत्रिका काढतोय.
प्रश्न चौदा, गोल, आत फुली, खाली शेपटी.
शेपटी काढून टाकावी, असं वाटलं,
आणि मग आपल्या भाषेची गंमत वाटली,
रेघ ओढली तरी काढली,
खोडली तरी काढलीच.

उत्तरासाठी मी तीन घरं आखली.
असा प्रश्न परीक्षेत येणार नाही.
हर्षदचे वडील येऊन विचारतील,
सर, हे कुठल्या पुस्तकातलं?
पहिल्या घरात ट, दुसऱ्यात स.
तिसरं कोरं ठेवून झेरॉक्सला दिलंय.
मोहराळ्याची गाडी साडेसहाला येते,
क्लास सुरू व्हायच्या आत
तिला विचारून घेईन.